नोकरी घे, पण काम मागून घे

काय रे,

तुझा मेसेज ऐकला. आधी अभिनंदन! सरकारी बँकांतल्या क्लार्कची आयबीपीएस परीक्षा काढणं सोपं नाहीये, लोकांना वाटतं आपल्यासारख्या अंधांना पेपर लिहायला रायटर मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, मजा आहे यांची, पण रायटर आकडे धड ऐकत नसेल ना तर ती वीस मिनिटं त्याला परत परत सांगण्यातच जातात. असो, सुटलास त्यातून.

आता घरचं. आई म्हणतेय संजय गांधी निराधार योजनेचे दर महिन्याचे पैसे बंद होतील, परगावी एकटा कसा राहशील, आहे ते काय वाईट आहे. तिच्यावर चिडू नकोस, ज्या घरात दर महिन्याला भरवशाचा तेवढाच पैसा येतो त्या घराला तो सोडताना धस्स होणारच. पण तिला हिशोब मांडून दाखव. दिव्यांगांचं अनुदान 2025 मध्ये वाढवलं तेव्हा दीड हजाराचे अडीच हजार झाले, आणि सरकारी बँकेत क्लार्कचा सुरुवातीचा बेसिकच 24,050 आहे, डीए म्हणजे महागाई भत्ता त्यावर वेगळा. पगार सुरू झाला की अनुदानाच्या उत्पन्न मर्यादेत तू बसणारच नाहीस, तेव्हा तहसीलला स्वतःच अर्ज देऊन ते बंद कर आणि पोच घे, उगाच नंतर वसुलीचं झेंगट नको. यूडीआयडी म्हणजे आपलं दिव्यांगांचं ओळखपत्र, एसटीची आणि रेल्वेची सवलत याचा त्याच्याशी काही संबंध नाही, गावात कुणीतरी शहाणा सांगेलच की आता सगळंच जाणार, त्याला हो म्हण आणि सोडून दे.

पगाराची स्लिप आली की नीट ऐक. आपल्याला महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स माफ आहे, तरी सर्टिफिकेट दिलं नाही तर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे बिनबोभाट कापले जातात. इन्कम टॅक्समध्ये आपल्याला सव्वा लाखाची वजावट आहे पण ती फक्त जुन्या रेजिममध्ये, ते पुढच्या पुढे बघू.

खरं सांगायचंय ते वेगळंच. तू रिपोर्ट केलंस की मॅनेजर फार गोड बोलतील, म्हणतील तुम्ही बसा आरामात, काही लागलं तर सांगा. माझ्या पहिल्या ब्रँचमध्ये मला दारापाशी खुर्ची दिली होती, समोर कॉम्प्युटरच नाही, फोन वाजला की उचलायचा आणि हाक मारून दुसऱ्याला द्यायचा, बाकी दिवसभर पासबुक प्रिंटरची खरखर ऐकत बसायचं. माणसं वाईट नव्हती हां, डबा वाटून खायची, सणाला घरी बोलवायची, पण काम द्यायचं म्हटलं की सगळे गप्प. आणि हे गोड वाटतं सुरुवातीला, पगार तर चालूच असतो. मग प्रमोशनच्या इंटरव्ह्यूत विचारतात लोनचं काय केलंय, डिपॉझिटचं काय केलंय, सांगायला काहीच नसतं, आणि मग तेच लोक म्हणतात बघा यांना जमत नाही.

म्हणून पहिल्याच आठवड्यात ईमेल टाक, तोंडी नको. स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए सॉफ्टवेअर फुकट आहे, पण बँकेच्या मशीनवर आयटीच्या परवानगीशिवाय टाकता येत नाही, म्हणून मॅनेजर आणि एचआर दोघांना लिही, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 लिही, त्यात सोयी देणं बंधनकारक आहे. कलम 23 खाली तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याचं नाव काढून ठेव, लगेच वापरू नकोस, नुसतं ठाऊक असलेलं बरं.

बँकेच्या सॉफ्टवेअरचे मेनू कोड पाठ कर, माऊसवाल्यांपेक्षा आपण तिथे फास्ट पडतो. काही स्क्रीनवर एनव्हीडीए मुकाट बसेल, कॅप्चा तर आपला जन्माचा वैरी, तिथे शेजारच्याची मदत घे, त्यात लाज कसली. परिपत्रकं स्कॅन करून पाठवतात, म्हणजे नुसतं चित्र, उघडलं की ‘एम्प्टी डॉक्युमेंट’ म्हणतं, इंग्रजी असेल तर इन्सर्ट आणि आर दाब, बऱ्यापैकी वाचून देतं.

कॅश काउंटरचा हट्ट धरू नकोस, असं माझं मत आहे, काहीजण भांडतील माझ्याशी. आरबीआयचं मनी ॲप नोट ओळखतं, पण समोर रांग आणि संध्याकाळी हिशोबात फरक आला तर भरायचा आपल्या खिशातून. त्यापेक्षा थकीत कर्जाचे फोन माग, केवायसी पेंडिंगची यादी माग, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांना म्हाताऱ्या माणसांची झुंबड उडते ते काउंटर माग. कुणी म्हणालंच की हे यांना कसं जमणार, तर सांग की 3 मार्च 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की दिसत नाही म्हणून कुणाला न्यायाधीश होण्यापासून अडवता येणार नाही, मग हयातीचा दाखला काय चीज आहे!

सगळे तुला प्रांजल पाटीलचं उदाहरण देतील, उल्हासनगरची, आयएएस. तिला तर आधी रेल्वेच्या सेवेत दृष्टी नाही म्हणून घेतलंच नव्हतं, पुन्हा परीक्षा देऊन 124 वा नंबर काढला. भारी आहेच ती, पण प्रत्येकाने कलेक्टरच व्हायला हवं असं थोडीच आहे, साध्या क्लार्कला साधं काम मिळालं तरी पुष्कळ.

जॉइनिंगच्या आधीचा रविवार मोकळा ठेव, रूमपासून ब्रँचपर्यंत काठी घेऊन स्वतः चालून बघ, भावाला दहा पावलं मागे ठेव. यूडीआयडीच्या झेरॉक्स भरपूर ने, प्रत्येक टेबलावर मागतात. आणि ब्रँच कुठली ते अजून सांगितलंच नाहीस, कळव लगेच, त्या बाजूला आपल्यातलं कुणी असेल तर नंबर काढून देते.

तुझी ताई