पोकोनोच्या घराआधी

अ. उ. आ.

परवा फोनवर तू एका दमात विचारलंस, "काका, एडिसनमधल्या घरावर एफएचए चालू असताना पेनसिल्व्हेनियात, पोकोनोच्या डोंगरात दुसरं घर घेता येईल?" येईल. एफएचए म्हणजे सरकारी विम्याचं घरकर्ज. पहिलं कर्ज फेडायची अट नाही. पण दुसरं कर्ज एफएचए नसेल. सहलीच्या घराला ते मिळत नाही, आणि तू एच-1बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर; मे 2025 पासून तुम्हा लोकांना नवं एफएचए बंदच झालंय.

म्हणून आहे ते जप. किमतीच्या 3.5 टक्केच पदरचे भरून घेतलंस, त्यामुळे कर्जाच्या विम्याचा हप्ता कर्जाबरोबरच संपणार, हे खरं. तो घालवायला रिफायनान्स कर, म्हणजे नवं कर्ज काढून जुनं फेड, असं कुणी सुचवेल. तुझा 2021 चा तीन टक्क्यांचा दर आणि 0.85 चा विमा मिळून चारसुद्धा होत नाहीत. आज इतक्या कमी दरानं कोण देतंय? हात लावू नकोस.

उरलं कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी विमा नसलेलं साधं कर्ज. सेकंड होम, म्हणजे स्वतः वापरायचं दुसरं घर म्हणून किमान 10 टक्के भरायचे, इन्व्हेस्टमेंट, म्हणजे भाड्यानं द्यायचं घर म्हणून 15, शिवाय व्याज चढं. इथेच मला धास्ती वाटते, कारण शेवटी तू हळूच म्हणालीस, "आम्ही नसू तेव्हा एअरबीएनबीवर टाकू." अधूनमधून दिलंस तर चालतं. पण घर बारा महिने पाहुण्यांना आणि कागदावर सेकंड होम, हे सरळ खोटं. सही करताना तू स्वतः तिथे राहणार असं लिहून देतेस, आणि कर्जासाठी जाणूनबुजून खोटं लिहिणं इथे फेडरल गुन्हा आहे. व्हिसावर असताना असले खेळ नकोत. मलाही एकानं सांगितलं होतं, "लिहा हो, कोण बघायला येतंय?" मी दुसरा लोन ऑफिसर गाठला.

शिवाय सेकंड होमचं भाडं मिळकतीत धरत नाहीत. तुझ्याच पगारातून दोन्ही हप्ते बसायला हवेत. समजा, महिना 10,000 डॉलर मिळकत. जुना हप्ता 2,600, नवा 2,100, गाडीचे 500. झाले मिळकतीच्या 52 टक्के! पन्नासच्या वर सहसा दार बंद, आणि खरं तर पंचेचाळीसला थांबावं. नव्या हप्त्यात कर, विमा आणि एचओएची, म्हणजे वसाहतीच्या सोसायटीची वर्गणीही धर. पोकोनोतल्या काही वसाहतींत थोड्या दिवसांच्या भाड्यालाच मनाई आहे, नियम आधी वाच.

बाबा पुण्याहून पैसे पाठवणार म्हणालीस. सेकंड होमला भेटीची रक्कम चालते, इन्व्हेस्टमेंटला नाही. तरी 10 टक्केच भरणार असशील तर निदान 5 टक्के तुझे स्वतःचे लागतील. बाबांकडून गिफ्ट लेटर, म्हणजे पैसे भेट आहेत, परत करायचे नाहीत असं पत्र घे, आणि पैसा कुठून कसा आला त्याचे कागद जपून ठेव. मोठी रक्कम अचानक खात्यात दिसली की बँक खोदून विचारते.

रविवारी दोन महिन्यांची स्टेटमेंट्स आणि पगाराच्या स्लिपा घेऊन ये. काकू थालीपीठं करणार आहे. पण त्याआधी नवऱ्याबरोबर बसून ठरव, वर्षातले किती शनिवार-रविवार तुम्ही तिथे खरोखर जाणार आहात.

तुझा,
काका