ब्रेझा की नेक्सॉन: आधी तू स्टिअरिंगवर बस

अगं, तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, पण दोन ओळीत उत्तर द्यायचा विषय नाही म्हणून आज निवांत लिहितेय. नवरा म्हणतो टाटाची नेक्सॉन, सासरे म्हणतात मारुतीची ब्रेझा, आणि तू मला विचारतेस की काकू काय करू. तुझं सगळं वाचलं तर त्यात नवऱ्याला काय आवडतं ते आहे, सासऱ्यांना काय पटतं ते आहे, आणि रोज वारजे ते हिंजवडी जी गाडी चालवणार आहे तिला काय हवंय हे कुठेच नाही! तुला मारुती ८०० वर क्लच सोडायला मीच शिकवलंय, त्यामुळे हे हक्काने बोलतेय.

शोरूममध्ये गेलीस की तो मुलगा सगळी माहिती तुझ्या नवऱ्याला सांगत बसेल, माझ्यासोबत दर वेळी हेच झालंय. तू सरळ ड्रायव्हर सीटवर बस. सीट वरखाली करून बॉनेटचा अंदाज येतो का, क्लच पूर्ण दाबताना पाठ सीटवरून सुटते का, आरशात न दिसणारा कोपरा किती मोठा आहे, हे बघ. टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर नको, संध्याकाळी साडेसहाला चांदणी चौकाच्या चढावर घे, तिथे हाफ क्लचवर वीस मिनिटं काढलीस की पायच सांगेल कुठली घ्यायची. ऑटोमॅटिक घ्यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेव, सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात. ब्रेझात ६ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टर आहे (गिअर हळुवार बदलतो), नेक्सॉनमध्ये एएमटी आहे (साध्याच गिअरबॉक्सवर क्लच आणि गिअरचं काम मशीन करतं) आणि वरच्या मॉडेलला ड्युअल क्लच (दोन क्लच, त्यामुळे झटका कमी). एएमटी स्वस्त पडते पण गिअर बदलताना मान पुढे जाते, सासूबाईंना मागे बसवूनच ती चालवून बघ.

आता मागची सीट, यावर मी जास्त बोलणार आहे कारण इथेच सगळे फसतात. दोन्ही गाड्या ३९९५ मिलिमीटर, म्हणजे लांबीला अगदी सारख्या, जाहिरातीत पाच जण हसत बसलेले असतात. पण तुझं पिल्लू चार वर्षांचं आहे, त्याला चाइल्ड सीट लागणारच (मांडीवर घेऊन बसू हा विषय माझ्याकडे काढू नकोस), ती सीट एक खिडकी पूर्ण खाते आणि उरलेल्या जागेत सासू-सासरे, त्यातला एक मधे. चिपळूणला जाताना पाच-सहा तास तसंच. म्हणून चाइल्ड सीट सोबत घेऊनच शोरूममध्ये जा, आयसोफिक्सला (चाइल्ड सीट अडकवायचे गाडीतले हुक) लावायला सांग, मग दोघांना बसव, मधल्या जागेला तीन पॉइंटचा बेल्ट आणि डोक्याला आधार आहे का ते त्याच मॉडेलमध्ये बघ. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणालीस, त्यांना चार वेळा चढ-उतार करायला लाव. खाली वाकावं लागत नाही आणि उडी मारून चढावंही लागत नाही अशी उंची हवी.

सीएनजीचं मला कळतं, रोजचं हिंजवडी म्हणजे पैसे वाचणारच. पण ब्रेझाचं १४६२ सीसीचं इंजिन पेट्रोलवर साधारण १०३ पीएस (इंजिनाची ताकद) देतं ते सीएनजीवर ८८ वर येतं, टाकीने डिकी जाते ते वेगळंच. कुंभार्ली घाटात पावसात पाच माणसं, त्यात आंब्याच्या पेट्या किंवा गणपतीचं सामान, एसी चालू आणि पुढे ट्रक... तेव्हा तो फरक जाणवतो. नेक्सॉनचं इंजिन ११९९ सीसीचं तीन सिलिंडर टर्बो, पेट्रोलवर १२० पीएस, सीएनजीलाही टर्बो आहे आणि दोन छोट्या टाक्या खाली बसवल्यामुळे डिकी बरीच उरते. ब्रेझाचं चार सिलिंडर मात्र जास्त गुळगुळीत चालतं, ट्रॅफिकमध्ये शांत वाटतं, सासरे जे म्हणतात त्यात तथ्य आहे. डिझेलच्या मागे लागू नकोस, रोज थांबत थांबत चालवलं की बीएस ६ (आताच्या प्रदूषण नियमांच्या) गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदतो, शिवाय आपल्याकडे दहा लाखांच्या आत पेट्रोलला ११ टक्के रोड टॅक्स तर डिझेलला १३.

सारख्या आकाराच्या गाड्या असून किमतीत फरक का, याचं बरंचसं उत्तर टॅक्समध्ये आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्के जीएसटीत, त्याच्यावरची ४० टक्क्यांत, म्हणून ब्रेझा लांबीला लहान असूनही १४६२ सीसीच्या इंजिनामुळे मोठ्या गाडीचा टॅक्स भरते.

सुरक्षेबद्दल मी हट्टी आहे. नेक्सॉनला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे (गाड्या आपटून सुरक्षा तपासणारी संस्था) ५ स्टार मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच, आणि नवीन आकाराच्या नेक्सॉनलाही २०२४ मध्ये मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडे ५ मिळाले. ब्रेझाचे ४ स्टार २०१८ चे, तो जुना आकार आणि चाचणीही तेव्हाची सोपी, त्यावर आज विसंबू नये.

पैशांचं. हप्ता छोटा दिसतो म्हणून सात वर्षं घेऊ नकोस, १० लाखांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांत व्याज साधारण २.४५ लाख जातं, सात वर्षांत ३.५१. इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचे दोन कोटेशन आण. आणि तुमच्या जुन्या वॅगनआरचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सवर मिळणारी सूट) नवीन गाडीला लावता येतो, गाडी विकताना त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या, बरेच लोक हे सोडून देतात. मी मागच्या वेळी घाईत आठ महिने यार्डात उभी असलेली गाडी घेतली होती, बॅटरी वर्षात गेली, तेव्हापासून पैसे भरायच्या आधी चासी नंबरवरून कुठल्या महिन्यात बनलीय ते आणि टायरवरचे चार आकडे, आठवडा आणि वर्ष, दोन्ही बघते.

माझं विचारशील तर घाट, पिल्लू आणि सामान धरून मी तुमच्यासाठी पेट्रोल नेक्सॉनचं मधलं मॉडेल म्हणेन. पण गावाला सासरेच गाडी वापरणार असतील आणि जवळचा भरवशाचा वर्कशॉप मारुतीचाच असेल, किंवा तुला ऑटोमॅटिकच हवी असेल, तर ब्रेझा घे, वाईट वाटून घेऊ नकोस. चिपळूणच्या वर्कशॉपमध्ये सासऱ्यांना एकदा चक्कर मारायला सांग, तिथे कामाला आलेल्या गाड्यांचे मालक खरं सांगतात.

नातीची चाइल्ड सीट आमच्या माळ्यावर आहे, पट्टे धुवून ठेवलेत. शनिवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा, मीही येते सोबत, मागे मधल्या सीटवर मी बसून बघते.

काकू