आधी तेझेची घंटा, मग जहाजाचा भटारखाना: सेवेच्या वर्षाची आखणी

ए-लेव्हल (ब्रिटनमधली बारावी) झाल्यावर एक वर्ष प्रभूच्या सेवेत घालवायचं, असं मुलीनं जाहीर केलं की ब्रिटनमधल्या मराठी ख्रिस्ती घरांत दोन प्रश्न लगेच निघतात. विद्यापीठाचं काय? आणि तिकडे सुरक्षित आहे का? दोन्ही रास्तच आहेत. पण त्याआधी तिला विचारा, तू तिथे रोज सकाळी उठून नेमकं काय काम करणार? उत्तर नुसतं "मदत" असं आलं तर बेत अजून कच्चा आहे. आमची आखणी अशी: आधी फ्रान्समधल्या तेझेच्या मठात प्रार्थनेची सवय, मग रुग्णालय-जहाजाच्या भटारखान्यात काम.

अनाथाश्रमातलं थोड्या दिवसांचं काम यादीतून सरळ काढून टाका, मग तो आश्रम चर्चच्या नावाने का चालत असेना. दर दोन-तीन आठवड्यांनी नवी ताई येते, लळा लावते आणि निघून जाते. तो घाव मुलांच्या मनावर राहतो. शिवाय परदेशी स्वयंसेवकांचा पैसा येत राहावा म्हणून आईवडील हयात असलेली मुलंही अशा ठिकाणी आणून ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८मध्ये या प्रकाराची गणना आधुनिक गुलामगिरीत केली. तसंच १८ वर्षांच्या मुलीला इंजेक्शन द्यायला किंवा टाके घालायला देणारी संस्थाही नको. जे काम तिला घरी करू दिलं जाणार नाही, ते परक्या देशातल्या गरिबाच्या अंगावर शिकायचं नसतं.

मग उरतं ते साधं, कष्टाचं काम, आणि तेच हवं. १९७८मध्ये सुरू झालेली मर्सी शिप्स ही ख्रिस्ती संस्था रुग्णालय-जहाजं चालवते. तिच्या 'ग्लोबल मर्सी' जहाजावर ६ शस्त्रक्रियागृहं आणि सुमारे २०० खाटा आहेत. २०२३मध्ये ते पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या फ्रीटाउन बंदरात आलं. चेहऱ्यावरच्या गाठी, दुभंगलेले ओठ, भाजून आखडलेले हातपाय, हर्निया अशा शस्त्रक्रिया तिथे मोफत होतात. १८ पूर्ण झालेल्यांना भटारखान्यात, जेवणघरात, साफसफाईत जागा असते. बिगरवैद्यकीय कामासाठी काही महिने द्यावे लागतात आणि राहण्या-खाण्याचा खर्च स्वयंसेवक स्वतः भरतो. पगार नाही, वर पैसे द्यायचे, हे आजी-आजोबांना पटवायला वेळ लागतो. चर्चच्या मंडळीतून वर्गणी गोळा करणार असाल तर पत्रात महिन्याचा खर्च, विमान, लसी आणि विमा यांचे आकडे वेगवेगळे मांडा. ब्रिटनचं मोफत आरोग्य कार्ड फ्रान्समध्ये चालतं, सिएरा लिओनमध्ये नाही. म्हणून रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमाच घ्या.

लसींची तयारी निदान ८ आठवडे आधी सुरू करा. पिवळ्या तापाची लस नोंदणीकृत केंद्रातच मिळते, आणि तिचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. मराठी कुटुंबं नेमकी इथे अडकतात. परतताना मुलगी फ्रीटाउनहून आजीला भेटायला मुंबईला उतरणार असेल, तर भारतातही हे प्रमाणपत्र लागतं. नसेल तर विलगीकरणात ठेवतात. कागद हातातल्या पिशवीत असू द्या. मलेरियाच्या गोळ्यांबाबत "आपल्या रक्तातच प्रतिकारशक्ती आहे" हा समज सोडा. लंडनमध्ये वाढलेल्या मुलीत ती नसते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल तिथून निघाल्यावर ७ दिवस, डॉक्सिसायक्लिन ४ आठवडे चालू ठेवायची असते. घरी पोहोचलो म्हणून गोळ्या थांबवणं, हीच नेहमीची चूक.

आता श्रद्धेकडे वळू. ती जहाजावर चढल्याने आपोआप वाढत नाही. भटारखान्यात कामाच्या पाळ्या बदलतात, झोप तुटते, आणि घरी रोज सातला होणारी प्रार्थना दहा दिवसांत सुटते. म्हणून आमचं मत असं की जहाजाच्या आधी तेझेला जावं. फ्रान्सच्या बर्गंडीतलं हे खेडं. ब्रदर रॉजे १९४०मध्ये इथे आले, युद्धात निर्वासितांना आसरा दिला, आणि पुढे वेगवेगळ्या पंथांच्या बंधूंचा मठ उभा राहिला. १९६२चं समेटाचं चर्च बांधायला जर्मन तरुण स्वयंसेवक आले होते, आपल्या देशाने केलेल्या अपराधाचं प्रायश्चित्त म्हणून. दिवसातून तीनदा घंटा होते, हातातलं काम ठेवून सगळे प्रार्थनेला जातात. छोटी गीतं पुन्हा पुन्हा गायची, मध्ये काही मिनिटं पूर्ण शांतता. भजनात ध्रुपद घोळवणाऱ्या आपल्या माणसांना ही रीत परकी वाटत नाही. उरलेल्या वेळात बायबल अभ्यास, भांडी, संडास-सफाई.

रविवारी पोहोचायचं, पुढच्या रविवारी निघायचं. लंडनहून पॅरिसमार्गे माकों-लोशे स्थानक, तिथून बस. एक आठवडा पूर्ण मौनात राहण्याचीही सोय होते. आम्ही ती दुसऱ्या आठवड्यासाठी सुचवू. ब्रिटिश पासपोर्टवर फ्रान्ससह शेंगेन गटातल्या युरोपीय देशांत व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मुलीचा पासपोर्ट भारतीय असेल तर ब्रिटनमध्ये कायम वास्तव्य असूनही शेंगेन व्हिसा लागतो.

जहाजावर तेझेची घंटा नसते, म्हणून प्रार्थना घड्याळाला न बांधता कामाला बांधायची: एप्रन चढवण्याआधी एक स्तोत्र, एप्रन उतरवल्यावर दिवसाचा आढावा. मार्कच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय आहेत. आठवड्याला एक धरला तर चार महिने पुरतात. तोच अध्याय आजीने मराठी बायबलमधून फोनवर मोठ्याने वाचावा. देवनागरी अडखळत वाचणाऱ्या नातीला ऐकून तो वेगळा कळतो. निघण्यापूर्वीच पाळकांना किंवा फादरना महिन्यातून एकदा फोनवर बोलण्याचं सांगून ठेवा, कारण तीन-चार आठवड्यांनी उत्साह ओसरतो आणि "मी इथे नुसते बटाटे सोलतेय" असं मनात येतं. त्या वेळी योहान १३ काढा, येशू शिष्यांचे पाय धुतो तो अध्याय; पाय धुणं हेही नोकराचंच काम होतं. आणि सिएरा लिओनमध्ये बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत. वेदनेत असलेल्या रुग्णापुढे धर्माचा आग्रह धरू नये, त्याचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत. तिथल्या क्रिओ भाषेत "कुशे" म्हणून नमस्कार करावा आणि त्याचं ऐकावं.

विद्यापीठाचं उत्तर छोटं आहे. यूकासचा (ब्रिटनमधल्या विद्यापीठ-प्रवेशाच्या यंत्रणेचा) अर्ज बरोबरीच्या मुलांसोबतच भरायचा, त्यात प्रवेश एक वर्ष पुढे ढकलल्याची नोंद करायची. गुणांची अट मात्र त्याच उन्हाळ्यात पूर्ण व्हावी लागते. काही अभ्यासक्रमांना खंड चालत नाही, म्हणून विभागाला आधी लिहून विचारा. इंग्लंडमध्ये शिक्षणकर्जाचा अर्ज प्रत्यक्ष प्रवेशाच्या वर्षी करायचा.

परत आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं की मी पश्चिम आफ्रिकेत होते, आणि मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यायची.