चंद्रावरचा 30 अंशांचा चढ 9 अंशांचा कसा दिसतो?

प्रश्न : आमच्या गटानं चंद्राच्या दक्षिण भागात रोव्हरचा मार्ग आखायला घेतलाय. ‘लोला’चा (नासाच्या एलआरओ यानावरचा लेसर उंचीमापक) 118 मीटरच्या पिक्सेलचा उंची-नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ‘स्लोप’ म्हणजे उतार काढला, स्केल (नकाशाच्या एका आडव्या एककात किती मीटर, तो आकडा) 111120 ठेवलं. चांद्रयान-3 च्या परिसरात बहुतेक उतार 10 अंशांच्या आतच दिसतो. मग रोव्हर कुठूनही नेता येईल ना?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही. चूक त्या 111120 मध्येच आहे. ती पृथ्वीवरच्या एका अंशाची मीटरमधली लांबी. चंद्राची त्रिज्या 1737.4 किलोमीटर, म्हणून तिथला अंश जेमतेम 30.3 किलोमीटरचा भरतो. आडवं अंतर साडेतीन पटींहून जास्त ताणलं गेलं, की 30 अंशांचा खरा चढ 9 अंशांचा दिसणारच. नुसता आकडा बदलूनही भागत नाही, कारण चांद्रयान-3 उतरलं त्या 69 अंश दक्षिणेला पूर्व-पश्चिम अंश आणखी आखडतो.

म्हणून आधी ‘वॉर्प’ या साधनानं नकाशा चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रक्षेपणात घ्या (त्याचा कोड आयएयू_2015:30135), म्हणजे आडवी अंतरं अंशांऐवजी मीटरमध्ये येतील, आणि मगच स्केल 1 ठेवून उतार काढा. वॉर्प करताना नव्या पिक्सेलची उंची ठरवायला ‘निअरेस्ट नेबर’ (सर्वांत जवळच्या पिक्सेलची उंची) सोडून ‘बायलिनिअर’ (आजूबाजूच्या पिक्सेलांची भारित सरासरी) निवडा, नाहीतर उताराच्या नकाशावर पायऱ्यांसारख्या रेघा उमटतात. लोलाच्या काही फाइलींत उंची अर्ध्या मीटरच्या एककात असते. ते पाहिलं नाही, तर उंची दुप्पट होते.

आता पिक्सेलकडं या. 27 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरच्या वाटेत 4 मीटर व्यासाचं विवर आलं. ते 3 मीटर पुढं असतानाच दिसलं, म्हणून रोव्हर मागं वळवला. तुमच्या नकाशाचा एक पिक्सेल त्या विवराच्या जवळजवळ 30 पट रुंद आहे. त्यात ते दिसायची सोयच नाही. हाच अनुभव घरी घ्यायचा तर इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरून कार्टोडेम या भारताच्या उंची-नकाशाची 30 मीटर पिक्सेलची फाइल उतरवा आणि पन्हाळ्याचे कडे बघा. 30 मीटर उंचीचा ताठ कडाही तिथं सुमारे 27 अंशांचा उतार होऊन बसतो. माणूस तिथून खाली उतरू शकत नाही, नकाशा मात्र उतरवतो. तेव्हा 118 मीटरच्या नकाशावर फक्त मोठी विवरं आणि डोंगरउतार टाळा. चाकाखालची वाट चांद्रयान-2 च्या ओएचआरसी कॅमेऱ्यासारख्या, पाव मीटरच्या आसपासच्या पिक्सेलच्या चित्रांवरून तपासावी लागते.

‘हिलशेड’मध्ये, म्हणजे उजेड-छायेतून चढ-उतार दाखवणाऱ्या नकाशात, सूर्याची उंची आपोआप 45 अंश धरली जाते. चांद्रयान-3 च्या जागी दुपारचा सूर्यही फार तर 22 अंश चढतो, तेव्हा 20 किंवा त्याहून कमी घाला. एवढं करूनही हिलशेड फक्त उताराचा उजेड-अंधार दाखवतं. शेजारच्या टेकडीची सावली रोव्हरवर पडेल का, हे त्यातून कळत नाही. सौर पॅनेलवर चालणाऱ्या रोव्हरला तेच सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून क्षितिजाची उंची वेगळी मोजा.

त्रिमितीय चित्रात उंची 3 पट वाढवली, तर 10 अंशांचा उतार 28 अंशांचा वाटतो. सादरीकरणाला चालेल, पण मार्ग ठरवताना गुणक 1 वरच ठेवा.