शब्द कुणाचा आणि हात कुणाचा

चिरंजीवास आशीर्वाद.

बेळगाव आणि सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून काढलेली एक नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी संपल्यावर, बेळगावच्या मराठा मंदिरापाशी तू म्हणालास, "काका, आता कुणाच्याच शब्दावर विश्वास उरला नाही." त्या गर्दीत बोलणं जमलं नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या वडिलांची एक वही होती. खानापूर भागात सभेला जो पुढारी येई, त्याचं नाव, तारीख आणि त्याने काय कबूल केलं ते वडील लिहून ठेवत. समोर एक रकाना असे : 'हे याच्या हातात आहे काय?' मी तिशी ओलांडल्यावर त्या रकान्याची किंमत मला कळली.

राज्याची हद्द बदलायचा अधिकार राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिलाय. त्यामुळे मुंबईहून येऊन "बेळगाव घेणारच" म्हणणारा माणूस मनाने कितीही सच्चा असला, तरी एकट्याने देता येत नाही ते देतोय. 27 डिसेंबर 2022 रोजी कर्नाटकातली 865 मराठी गावं महाराष्ट्रात यावीत, असा ठराव महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एकमताने केला. मला आनंद झाला, डोळे भरून आले. पण ठराव म्हणजे इच्छा, निकाल नव्हे. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तुझ्या वयाची पोरं त्या दाव्याएवढीच जुनी झाली.

या हद्दीच्या वादावर नेमलेल्या महाजन आयोगाचंही नीट वाच. 1966 साली सेनापती बापट उपोषणाला बसले, आयोग नेमला गेला आणि 1967 साली अहवाल आला. त्यात निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला आणि बेळगाव कर्नाटकालाच. महाराष्ट्राने तो नाकारला. तुझा कन्नड मित्र विचारेल, "आयोग मागितला तुम्हीच, मग निवाडा का मोडला?" चिडू नकोस. खेडं घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा, या चार कसोट्या बेळगावला का लावल्या नाहीत, हा आपला मुद्दा शांतपणे मांड. पण त्याचाही प्रश्न खरा आहे, हे कबूल कर. शेजाऱ्याचं खरं ऐकून घेतल्याशिवाय त्याने आपलं ऐकावं, असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही.

आता माझं सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही. एका निवडणुकीआधी हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकासमोर आम्ही शपथ घेतली, आपला उमेदवार एकच. 1986 च्या एक जूनला कन्नडसक्तीविरुद्ध उभी राहिलेली माणसं गोळीबारात पडली, त्यांच्यासमोर. पंधरा दिवसांत मी माझ्या गटाच्या दुसऱ्याच उमेदवाराची पत्रकं वाटत होतो. मतं फुटली, दोघेही पडले. दिल्लीने शब्द मोडला असं मी चाळीस वर्षं ओरडतोय, पण तो शब्द मी मोडला होता आणि पाळणं पूर्णपणे माझ्याच हातात होतं. त्याची लाज अजून जात नाही.

म्हणून तुला एवढंच मागतो : हद्दीचा लढा सोडू नकोस, पण त्याच्या नादात हाताशी असलेलं विसरू नकोस. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं केंद्राने 1956 सालीच ठरवून दिलंय. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणं हे कलम 350-अ नुसार राज्याचं काम. ही आश्वासनं छापील आहेत आणि ती पाळणारा माणूस आपल्याच जिल्ह्याच्या कचेरीत बसतो.

आजीच्या जमिनीची नोटीस कन्नडमधून आली आणि ती तिला वाचता येईना, म्हणत होतास ना? सोमवारी तिला घेऊन ये. मराठी प्रतीसाठी अर्ज करू. अर्जाच्या दोन प्रती काढून आण, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.

तुझा,
काका