गर्दी नसलेला समुद्रकिनारा

प्रश्न : मार्चमध्ये मुलांना घेऊन चार दिवस समुद्रावर जायचे आहे. अलिबागची गर्दी नको. किनारा, प्राणी आणि घरगुती जेवण असे एकत्र कोठे मिळेल?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळासला जावे, असे मी आग्रहाने सांगेन. नाना फडणवीसांच्या या गावी ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि गावकरी ती कुंपणात जपतात. थंडीत घातलेली अंडी सुमारे 45 ते 60 दिवसांत उबून पिल्ले बाहेर येत असल्याने मार्च महिना योग्य आहे. घरट्यावरची टोपली उचलली की वाळू किंचित हलते आणि बोटभर लांबीची काळपट पिल्ले थबकत, पुन्हा सरसावत लाटेकडे निघतात. ते पाहताना मुले आपोआप गप्प होतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात, म्हणून विजेरी आणि फ्लॅश कृपया बंद ठेवावेत. पिल्ले रोज दिसतीलच असे नाही, त्यामुळे किमान दोन रात्री हाताशी ठेवाव्यात.

मुक्काम गावकऱ्यांच्या घरीच, आधी ठरवून करावा. जेवण बहुधा शाकाहारी असते. आपल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीची सवय असलेल्या जिभेला उकडीचे मोदक आणि सोलकढी फार सौम्य वाटेल, पण दुसऱ्या दिवशी मुलेच मागून घेतील.

पुणे, ताम्हिणी, माणगाव, मंडणगड असा प्रवास लांबचा आहे. पुण्यात एक मुक्काम करावा. बाणकोटचा किल्ला जवळच आहे.