छोटा लॅपटॉप पारखताना

प्रश्न : कामानिमित्त मला सतत फिरावे लागते, म्हणून साधारण एक किलो वजनाचा, तेरा इंची लॅपटॉप घ्यायचा आहे. शेवटी दोन लॅपटॉपांवर निवड येऊन थांबली आहे. दोहोंत प्रोसेसर तोच आहे, मात्र एकात पंखा आहे आणि दुसरा पंख्याविना चालतो. वेगाच्या चाचण्यांतील दोघांचे गुण जवळजवळ सारखे आहेत. मग केवळ वजन आणि रूप पाहून निर्णय घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. प्रोसेसर तोच असला तरी वेग तोच मिळेल, याची हमी नसते. प्रोसेसरने वापरलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते आणि ही उष्णता बाहेर टाकण्याची सोय जेवढी असेल, तेवढीच वीज त्याला सलग वापरता येते. काम सुरू होते तेव्हा आतले सगळे भाग थंड असतात, त्यामुळे प्रोसेसर थोडा वेळ भरपूर वीज ओढून पूर्ण वेगाने धावतो आणि तापमान ठरावीक मर्यादेला पोहोचले की आपला वेग स्वतःच उतरवतो. बहुतेक लोकप्रिय चाचण्या ही वेळ येण्याआधीच संपतात. आपल्या दोन लॅपटॉपांचे गुण सारखे दिसण्याचे कारण बहुधा हेच असावे.

२०२० मध्ये अ‍ॅपलने एम१ हीच चिप पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्ये आणि पंखा असलेल्या तेरा इंची मॅकबुक प्रोमध्ये बसवली होती. लहानसहान कामांत दोघांत फरक जाणवत नसे, पण लांबलचक व्हिडिओ तयार करताना प्रो आपला वेग टिकवून धरत असे आणि एअर काही मिनिटांनी मंदावत असे. म्हणून एकच जड काम सलग पंधरा-वीस मिनिटे पुन्हा पुन्हा करायला लावावे आणि पहिल्या व शेवटच्या फेरीला लागलेला वेळ ताडून पाहावा. आपले काम मुख्यतः लेखन, ईमेल आणि वाचनाचे असेल, तर प्रोसेसरवर ताण येतो तो क्षणभरच, आणि अशा वापराला मी पंखा नसलेलाच लॅपटॉप सुचवीन, कारण तो आवाज करत नाही आणि धूळही आत ओढत नाही. व्हिडिओ संपादन किंवा मोठ्या प्रोग्रामचे संकलन (कंपायलिंग) नेहमीचे असेल, तर पंख्यासाठी शे-दीडशे ग्रॅम जास्त वाहायला हरकत नाही. फक्त हवा आत घेण्याच्या फटी तळाशी असतील, तर असा लॅपटॉप गादीवर ठेवून वापरता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

रूपाविषयी बोलायचे, तर रंग आणि जाडी यांपेक्षा हाताला काय लागते ते पाहावे. झाकण एका बोटाने उघडून पाहावे : खालचा भागही सोबत उचलला जात असेल, तर बिजागरी घट्ट आहे किंवा वजनाचा तोल बिघडला आहे. एका कोपऱ्याला धरून उचलताना करकर आवाज येऊ नये. कीबोर्डच्या मधोमध जोर दिल्यावर तो खाली दबतो का, हेही तपासावे. दोन कळींच्या मध्यांतले अंतर साधारणपणे एकोणीस मिलिमीटर असते, परंतु रुंदी वाचवण्यासाठी छोट्या लॅपटॉपांत उजव्या कडेच्या कळा अनेकदा अरुंद केलेल्या असतात. इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखन करणाऱ्याला याचा त्रास जास्त होतो, कारण च, ट, ड आणि य ही अक्षरे नेमकी त्याच कडेला आहेत. दुकानात इंग्रजीत दोन ओळी टंकून हे कळत नाही, मराठी परिच्छेदच टंकून पाहावा.

स्क्रीनचे माप तिरकस घेतलेले असल्यामुळे ते फसवे ठरू शकते. १३.३ इंचांची स्क्रीन १६:९ प्रमाणाची असेल, तर तिची उंची सुमारे साडेसोळा सेंटिमीटर भरते आणि ३:२ प्रमाणाची असेल, तर पावणेएकोणीस. लेखन-वाचन करणाऱ्याने उंच स्क्रीनच घ्यावी.

प्रश्न : कंपनी बॅटरी अठरा तास चालेल असे सांगते. ते कितपत खरे मानावे?

उत्तर : तो आकडा बहुधा स्क्रीनचा उजेड कमी ठेवून व्हिडिओ चालवून काढलेला असतो. त्याऐवजी बॅटरीची क्षमता वॅट-तासांत पाहावी आणि तिला सरासरी वीजवापराने भागावे. ५० वॅट-तासांची बॅटरी ६ वॅट वापराच्या लेखनात आठ तासांहून थोडी अधिक चालेल, पण व्हिडिओ कॉलमध्ये वापर १२ वॅटवर गेला की हाच काळ निम्म्यावर येईल. वजन करताना चार्जरही तराजूत ठेवावा, जाहिरातीत तो धरलेला नसतो.

प्रश्न : सध्या ८ जीबी रॅम घेऊन पुढे ती वाढवता येईल का?

उत्तर : अतिशय पातळ लॅपटॉपांत बहुतेक वेळा नाही, कारण रॅम मदरबोर्डवरच (आतल्या मुख्य पट्टीवरच) सोल्डर करून कायमची जोडलेली असते. लॅपटॉप काही वर्षे वापरायचा असेल, तर खरेदी करतानाच १६ जीबी घ्यावी. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी चकती नसलेली डिस्क, मात्र अनेकदा बदलता येते, परंतु छोट्या लॅपटॉपांत काही वेळा तिचा ३० मिलिमीटर लांबीचा आखूड प्रकार बसवलेला असतो, म्हणून नवी मागवण्याआधी तळाचे झाकण उघडून जुनीची लांबी मोजून घ्यावी.